भरलेला मांगर

(आचऱ्यातल्या एका घराची मागची पडवी. चुलीपाशी सावित्री, पुढ्यात ताट घेऊन तिचा मुलगा दीपेश, पायरीवर शेजारची सीताकाकी.)

सावित्री : ...मी चार दिस भावाकडे नांदगावाक काय गेलंय, ह्या दीपेशान एकट्यान सगळी लाकडां मांगरात, परसातल्या खोपीत रचल्यान. नारळाची सोडणां वेगळी, माडाची सुकी चुडतां वेगळी. घे रे, आणखी दोन घावणे घे.

दीपेश : पुरे गो आये.

सावित्री : सीते, हाताक काय झालां?

सीता : खरचाटलां जरा. दीपेश, तो तुजो खेळ काय रे? दिसभर त्या लॅपटॉपार असतंस.

दीपेश : रोबो असतत, काकी. मी तेंका काम शिकवतंय. एक फळां काढता, एक लाकडां तोडता, एक चूल पेटती ठेवता. साठो कमी झालो की आपणच जाऊन आणतत.

सीता : आणि माणसां?

दीपेश : माणसां बसान खातत.

सीता : तुजे रोबो दमतत काय रे?

दीपेश : नाय.

सीता : बरां आसा तेंचां.

दीपेश : आये, माका नको ह्या. लाकडां मी भरूक नाय.

सावित्री : फोनार तूच सांगलंस मा, भरून झाली म्हणान?

दीपेश : खोटां सांगलंय. खेळातली माणसां उपाशी पडलेली. प्रोग्रामातली एक ओळ चुकली होती माजी, ती शोधीत बसलंय. आभाळ भरान इलां, ता खिडकीतसून बघलंय. मागल्या दारी काकी लाकडां व्हावता, ता पण आयकत होतंय. तेव्हाच उठाक होयां होतां. पण गेलंय तर खोटां उघडां पडतला, म्हणान लाजेन बसान रवलंय.

सावित्री : सीते, तू तरी सांगाचां.

सीता : तू फोनार केदी खुशीत होतंस. ‘माज्या झिलान मांगर भरल्यान’ म्हणालंस. मी येवन बघलंय तर लाकडां खळ्यातच, उघड्या अंगणात. तुजो शब्द खोटो पडाक नको, म्हणान नेलंय भितुर.

सावित्री : आणि मी सगळ्या वाडीक सांगान इलंय.

दीपेश : काकी, तुजी लाकडां खंय आसत?

सीता : खळ्यात. भिजली ती.