तपासल्याशिवाय भूल नाही

जमलेल्या साऱ्या मंडळीले माहा नमस्कार. सुनीता मॅडमच्या घरच्या लोकांनो, दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनो, माइकसमोर बोलाची मले सवय नाही. पण मॅडमबद्दल बोलाचं हाय, तं बोलतो.

मी कामरगावची सुमन. कपडे शिवतो. माह्या पित्ताच्या थैलीत खडे झाले होते. ऑपरेशनले आली, टेबलावर निजली. भूल द्याले आपल्या मॅडम. पण त्या माह्याकडं पाहातच नव्हत्या! भुलीच्या मशीनकडं पाहात होत्या. नळ्या दाबून पाहा, पिशवी फुगवून पाहा. अन् सोबत गाणं गुणगुणणं.

मंग गुणगुणणं थांबलं.

"कोणी हात लावू नका," त्या म्हणाल्या. "सुमनताई, आज तुमचं ऑपरेशन नाही."

"काहून? रातीपासून उपाशी हाय मी!"

"मग उठा. पोहे खाऊन घ्या."

बाहेर आमचे मालक भडकले. "जीपनं इतक्या दुरून आलो, मॅडम! मशीन तं चालू दिसते!"

मॅडम रागावल्या नाही. त्यायले बाकड्यावर बसवलं, हाती पोहे देल्ले. म्हणाल्या, "भाऊ, दुरुस्तीत पाइपांची अदलाबदल झालीय. ऑक्सिजनच्या पाइपातून भुलीचा गॅस येतोय. ऑक्सिजन सोडला की स्क्रीनवरचा ऑक्सिजनचा आकडा वाढायला हवा. तो उतरायला लागला. यांना झोपवलं असतं हो. उठवलं कसं असतं?"

मालकाचा पोह्याचा घास हातातच राह्यला. मले पाहून रडाले लागले. आमच्या लग्नातबी रडले नव्हते, मंडळी!

पाइप नीट झाले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टेबलावर, अन् मॅडम पुन्हा तपासून राह्यल्या. म्या म्हटलं, "मॅडम, कालच तं तपासलं!"

"ते काल होतं."

बस. इतकंच बोलल्या.

मंग मॅडम माह्याकडंच ब्लाउज शिवाले येऊ लागल्या. घ्याच्या आधी शिवण दोन्ही हातानं वढून पाहात. मी म्हणो, "मॅडम, फाटंन ना!" तं म्हणत, "ताण दिल्याशिवाय पास नाही." दोघीबी पोट धरून हसू.

मागच्या वर्षी खुद्द मॅडमचं ऑपरेशन होतं. भूल द्याले त्यायच्याच हाताखाली शिकलेली डॉक्टरीण. थे इथंच बसली हाय, तिनंच मले सांगितलं. मॅडम टेबलावर निजून इचारतेत, "मशीन तपासलं?"

"हो, मॅडम."

"माझ्यासमोर तपास."

तिनं पह्यल्यापासून सारं पुन्हा तपासलं. मॅडम टक लावून पाहात होत्या. मंग हसल्या. "पास. आता झोपव."

अशी बाई परवा हार्ट अटॅकनं गेली. कोणाले काही करता आलं नाही. त्याचं वाईट वाटते, लई वाटते. पण मॅडम आठवल्या की आधी हसूच येते, त्याले मी काय करू?

मंडळी, मी आज तुमच्यासमोर उभी हाय, थे त्यायच्यानं. आता तुमीबी सारे उभे राहा. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.

मॅडम, रामराम.