टीचभर खुर्ची

वणीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"काय गं कुसाबाई, जर्मनीहून कधी आली?"

"झाले आठ दिवस. नातीला बालवाडीत घालायचं होतं, म्हणून महेशनं बोलावलं होतं."

"सोडायला-आणायला?"

"नाय गं, बसायला. तिथं पोरगं एकदम सोडत नाय. घरचं माणूस आधी वर्गात बसवतात, मग दाराशी, मग बाहेर. लेकराला सवय झाली की बाई सांगते, आता जा."

"अन् तू बसली?"

"बसले की, टीचभर खुर्चीवर. त्या दोघांना सुट्टी कुठं हाय!"

"तुला त्यांची भाषा कुठं येती?"

"गप बसायलाच तर नेलं होतं."

"लय जपतात बाई. तुझ्या महेशला आपण अंगणवाडीत ढकलायचो अन् भाजी घेऊन मार्केटला पळायचो. किती बोंबलायचा!"

"ही नाय रडली. चौथ्या दिवशी तर मागं वळूनसुद्धा नाय पाहिलं. बाई म्हणाली, आता आजी नसली तरी चालंल."

"मग राहायचं की अजून."

"महेशनं त्याच दिवशी तिकीट काढलं."

"आता परत कधी?"

"सूनबाईला दिवस गेलेत. ते बालवाडीत जाईल, तवा."