तबकडीला लावलेले कुंकू

सन्माननीय अध्यक्ष दिनकरराव, व्यासपीठावरील संचालक मंडळ, सत्कारमूर्ती संगणक-शिक्षिका सुमनबाई, गुरुजनहो आणि समस्त पालमकर,

आरंभीच एक गंभीर तक्रार. व्यासपीठावर पंखा एक, आणि त्याचे तोंड अखंड अध्यक्षांकडे. शास्त्र समदर्शी व्हा म्हणते. या पंख्याचे शिक्षण आपल्याच शाळेत झाले असावे. असो.

शाळेत संगणक आल्याची बातमी वार्ताहर म्हणून मीच दिली होती. यंत्र आले, पण निर्बुद्ध. त्याची बुद्धी, जिला बाई डॉस म्हणतात, फ्लॉपी नावाच्या काळ्या तबकड्यांत वेगळी आली होती. ती आत उतरवल्याखेरीज यंत्र हूं की चूं करत नाही. काही संस्थांचेही असेच असते. त्यांच्यासाठी तबकड्या निघत नाहीत, एवढेच.

दिवस खंडेनवमीचा. तराजूला कुंकू, शिलाई यंत्राला कुंकू, मग तबकडीने काय पाप केले? तबकडीला एक उघडी फट असते, यंत्र तिथूनच ती वाचते. अध्यक्षांचे बोट नेमके तिथे गेले.

“साहेब, तिथं नको!” बाई ओरडल्या.

“बाई, लेकराला टिळा लावायलोय. तुमचं काय जायलंय?”

टाळ्या पडल्या. एकूण एक तबकडी सौभाग्यवती झाली. नारळ फुटला, यंत्राला वाचा फुटेना.

“काय म्हणायलंय ते?”

“तबकडी वाचता येत नाही म्हणतंय.”

“मग औरंगाबादच्या कंपनीला ट्रंककॉल लावा. ती बुद्धी फोनवरून सोडा म्हणावं!”

“साहेब, आपल्या फोनवरून अजून माणसाचं बोलणंच धड येत नाही.”

ऐन दसऱ्याला आपण सोने लुटत होतो, तेव्हा बाई औरंगाबादच्या एसटीत होत्या. नवा संच त्यांनी जेवणाच्या डब्यात घालून, मांडीवर धरून आणला. एकेक तबकडी घालून यंत्र जागे केले, वर्ग सुरू केला. पुढे तो डबा त्यांनी, भक्तांपासून देव लपवावा तसा, आपल्यापासून जपला.

अशा बाईंना कायम करण्यासाठी तीन वर्षांत एकदाही बैठक जमली नाही. आज निरोपाला मात्र मंडळ झाडून हजर. धन्य तो कोरम!

बाई, आपल्याला कायम करून घेणारी सोलापूरची शाळा भाग्याची. आम्ही आपले ऋणी आहोत. अध्यक्षमहाराज, जिभेला हाड नाही आणि माझ्या बाजूला वाराही नव्हता. अधिकउणे बोललो ते उकाड्याच्या माथी मारा.

पण मघाशी बाईंनी तो डबा आपल्या हाती दिला, आणि आपण त्याला हार घातलात. माझी धाकटी नववीत आहे, आठवडाभर संगणकाच्या तासाची वाट पाहते. काल तिने विचारले, “बाबा, ते पुन्हा मुकं झालं तर जागं कोण करायचं?”

तोच प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो. खरी धास्ती तेवढीच आहे.