कागदावर न आलेला डोनट

— नाही नाही, सरकू नका तुम्ही, जागा भरपूर आहे, मला मुळात बसवतच नाहीये. जेवणाची सुट्टी संपली की आत जायचंय मला, साक्षीदाराच्या खुर्चीत. साक्षीदार नाहीये मी. साक्षीदार मेलाय. मी त्याची उत्तरं वाचणार. हसताय का? नाही? बरं. लोक हसतात. आई तर परवापासून अख्ख्या डलूथ गावाला सांगत सुटलीय, आमच्या इव्हरला मेलेल्या माणसाचा रोल मिळालाय. शाळेत झाड झालो होतो मी नाटकात, त्यानंतर हाच. तुम्ही झिपशी का झगडताय एवढ्या? अडकलीय? थंडीत कोटाच्या झिपा अशाच करतात, ओढू नका, मोडेल. थांबा, आधी सांगतो — म्हणजे असं बघा, खटला उभा राहण्याआधी वकील लोक साक्षीदाराला आपल्या ऑफिसात बोलावतात, शपथ घालतात, काय वाट्टेल ते विचारतात, आणि एक बाई कोपऱ्यात बसून शब्द न् शब्द टिपून घेते. जबानी. आता तुम्ही म्हणाल, मग कोर्टातल्या साक्षीत आणि ह्यात फरक काय? शपथ तर तीच. खोटं बोललात तर तुरुंगही तोच. पण जज नाही, निकाल देणारी ज्यूरी नाही, उंच खुर्ची नाही. टेबल, खिडकीतून तळं, आणि डोनट. डोनट मी आणले होते. कारकून आहे मी लुंडग्रेन वकिलांकडे, अजून कच्चा, आज नीट वाचलं तर पक्का करतो म्हणालेत. आणि हरकत — कोर्टात वकिलाने हरकत घेतली की साक्षीदार गप्प, जज ठरवणार. तिथे जज कुठाय? हरकत घ्यायची आणि साक्षीदाराने तरीही उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, हरकत म्हणजे खोकल्यासारखं काहीतरी असेल, साहेबांना मधूनमधून लागते.

तोंडावर बोट का ठेवलंत? घसा बसलाय? ही घ्या, पेपरमिंटची गोळी. घ्या हो. नको? मग ते छातीवर काय दाखवताय सारखं — दुखतंय का? डॉक्टर बोलावू? नाही म्हणताय. गरम होत असेल मग. कोर्टात हीटर लावतात भट्टीसारखा आणि तुम्ही गळ्यापर्यंत कोट घालून. अहो, त्या बाकावर कुठे निघालात? तिथे वारा लागतो, दाराजवळ. बरं चला, मीही येतो.

तर हा खटला. लेम्पी कोसोनेन, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या, गेल्या हिवाळ्यात रॉली ब्रेकेच्या बोलिंग क्लबच्या पायऱ्यांवरून पडल्या. बर्फ. मनगटाचा चुरा. आता एका हाताने वाजवतात, डावा हात मांडीवर, रविवारी लोक गायला उभे राहतात आणि अर्धंच गाणं येतं. मी ऐकलंय. आम्ही कुणाकडून? रॉलीकडून. मी पगार कुणाचा खातो ते मला माहीत आहे. सगळा खटला एका प्रश्नावर — त्या सकाळी पायऱ्यांवर बर्फ वितळवायचं मीठ टाकलं होतं की नव्हतं? टाकलं असेल तर रॉली सुटला, लेम्पीबाई हात हलवत घरी. एकच हात. आणि हे माहीत कुणाला? आर्वोला. आर्वो लाह्ती, क्लबचा झाडूवाला. तो मार्चमध्ये गेला, तळ्यावर, बर्फात भोक पाडून मासे धरत बसला होता, बसल्या बसल्या. गळाला मासा लागला होता म्हणे. मासाही गेला. म्हणून जबानी. म्हणून मी.

आर्वो कसा होता सांगू? प्रश्न संपायच्या आत उत्तर. नाव काय — आर्वो. किती वर्षं — एकवीस. ती टिपणारी बाई वैतागली, आजोबा, प्रश्न तर पूर्ण होऊ द्या. मग तो मान हलवायला लागला. ती म्हणाली, मान हलवू नका, तोंडाने बोला, मान टाइप होत नाही. म्हणजे बघा, मान होत नाही, हात होत नाही, घाम होत नाही. फक्त शब्द. आणि रॉली समोरच बसलेला. बसू शकतो तो, त्याचा खटला आहे, हक्क आहे त्याचा. मग लेम्पीबाईंच्या वकीलबाईंनी विचारलं, त्या सकाळी पायऱ्यांवर मीठ टाकलं होतं का? विचारलं आणि पुढचा प्रश्न शोधायला कागदात डोकं घातलं. आणि आर्वोने डोनट उचलला.

अख्खा खाल्ला हो. जेलीचा. हळूहळू. जेली हनुवटीवर आली ती पुसली, एकेक बोट चाटलं, साखर टेबलावर सांडली ती तळव्याने गोळा केली. माणूस एवढा वेळ गप्प बसतो का? तोही आर्वो? मग त्याने रॉलीकडे पाहिलं. रॉलीने छताकडे पाहिलं. आणि मग म्हणाला, हो.

कागदावर काय आहे? दाखवतो, इथेच आहे खिशात. प्रश्न, मीठ टाकलं होतं का. उत्तर, हो. बस्स. एकाखाली एक, लागून. डोनट कुठाय? रॉली कुठाय? कॅमेरा का नव्हता? आमच्याच साहेबांनी नको म्हटलं होतं, खर्च कशाला म्हणे. तोच आर्वो आज आत खुर्चीत असता तर समोर बसलेल्या सहा ज्यूरींनी सगळं बघितलं असतं, डोनट नाही तर नाही, ते छत तरी. मी साहेबांना विचारलं, मी 'हो'च्या आधी जरा थांबू का? नाही. पाणी पिऊ? नाही. सपाट वाच म्हणाले, टेलिफोनच्या यादीसारखं. म्हटलं अर्धा डोनट? ते म्हणाले इव्हर, तुला नोकरी हवीय ना?

हा बघा. आणलाय तरी. जेलीचाच. रुमालात गुंडाळलाय. का आणला ते मलाही ठाऊक नाही. खाणार नाहीये. हवीय हो मला नोकरी. पण रात्रभर डोळ्यासमोर ती साखर. मीठ नव्हतंच टाकलं, बाई. जबानीला जायच्या आधी कॉफी देताना तो मला म्हणाला होता — नाही, ते राहू दे. ते मी बोललो नाही. म्हणजे तो बोलला नाही. मिठाची गोणी रिकामी होती म्हणाला, बास, जास्त काही नाही. आता हे ज्यूरीला सांगणार कोण? मी? ज्यूरीशी नुसतं हवापाण्याचं बोललं तरी बोंब, खटल्याबद्दल बोललं तर खटलाच रद्द, पुन्हा पहिल्यापासून. लेम्पीबाई एकोणऐंशीच्या आहेत. पहिल्यापासून काय करतील त्या? ज्यूरीतल्या कुणाशी बोलू नकोस एवढंच साहेबांनी मला दहादा बजावलंय. मी तर एकालाही ओळखत नाही, आजवर आत गेलोच नाही.

तुम्ही किती छान ऐकता. मधे एक शब्द नाही. आमच्याकडे कुणी ऐकतच नाही. आणा ती झिप इकडे, हात काढा, कापड अडकलंय दातात. मला जमतं हे. थोडं खाली, आता वर — निघाली बघा. आता मोकळा श्वास —

हा काय बिल्ला?

ज्यूरी. चार नंबर.

कुठल्या खटल्याच्या? आज दोन चालू आहेत ना, तो गाडीचोरीचाही आहे, वरच्या मजल्यावर. गाडीचोरीच्या ना तुम्ही? मान हलवू नका. हलवलीत, नाही म्हणून. नाही, बोलूही नका, बोललात तर आणखी — म्हणून तुम्ही सगळा वेळ — आणि मी बाक बदलून मागे मागे —

आलो, अर्नी. हो, वाचणारा मीच. ह्या? ह्यांची झिप अडकली होती, ती काढत होतो. ज्यूरीवर नजर ठेवायची, बेलीफचं कामच ते तुमचं, विचाराच तुम्ही. काय? मी ह्यांच्याशी खटल्याबद्दल काही बोललो का?

एक मिनिट, अर्नी.

— नाही, टाळत नाहीये. तोंडात आहे. —

— जेली आहे आत. सांडते. —

— हो, ह्यांच्याकडेच बघतोय. त्याही माझ्याकडेच बघतायत. बघू दे. —

— एवढं बोट चाटतो. —

नाही.