सुनीलच्या वेबसाइटवरची बाई

सुनीलच्या वेबसाइटवरच्या बाईचं सांगितलं का तुम्हाला? सुनील म्हणजे माझा मामेभाऊ, गुलमंडीत त्याचं शालींचं दुकान. आंधळ्या गिऱ्हाइकांची सोय म्हणून त्यानं वेबसाइटवर एक आपोआप बोलणारी बाई बसवून घेतली.

माझा दोस्त दत्ता, त्याला दिसत नाय, पण त्याचा फोन पडद्यावरचं सगळं त्याला वाचून दाखवतो. त्याच्या बहिणीच्या साखरपुड्यात तिच्या सासऱ्यांना शाल द्यायची होती. मी म्हणलं, मी निवडतो. तर म्हणाला, "दरवेळी तुम्हीच निवडता. ही मी निवडणार."

वेबसाइट उघडली आणि त्याचा फोन अन् ती बाई एकदमच बोलायला लागले! त्या गलक्यातून बाईचं एवढंच कळलं, "चित्रात कापड असू शकते." पुढच्या शालीवरही तेच.

दत्ता म्हणाला, "शालीच्या दुकानात कापड असू शकतं म्हणती! रंग कोणता, काठ कसा, ते सांग की बाई!"

मला लई नवल वाटलं. हिला गप्प करायचं बटण कोपऱ्यात मला दिसत होतं, पण दत्ताच्या फोनला काही सापडेना.

शेवटी आम्ही दुकानातच गेलो. दत्तानं हात फिरवून, रंग विचारून शाल निवडली आणि बाईची कर्मकहाणी सांगितली.

सुनीलला पटेना. "पण आजवर एकाही आंधळ्या गिऱ्हाइकाची तक्रार नाय आली!"

दत्ता म्हणाला, "येईल कशी? तक्रारीच्या पानावर पण तीच बाई बसलीय!"