गाडी तिच्या नावावर

एक शिंपी गॅरेजच्या बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. पुढची बाई मेकॅनिकला सांगत होती,

“दादा, दिवे लागतात, पण मूठ पिळली तरी स्कूटर जागची हलत नाही. चौकातून ढकलत आणली.”

“बिघाड काहीच नाही, ताई. कुणीतरी मोबाइलवरून लॉक केलीय. गाडी कुणाची?”

“माझ्याच नावावर आहे. ॲप नवऱ्याच्या फोनमध्ये. म्हणाला, तुला त्यातलं काय कळतं?”

“मग लावा की साहेबांना फोन! एक बटण दाबतील, माझीही मेहनत वाचेल.”

“त्याला न सांगता घर सोडलंय मी.”

“...ताई, गाडी कुठं उभी आहे, तेही त्याला दिसतं.”

“मागं दार आहे?”

“नाही. गाडी राहू दे इथंच. पिशवी उचला अन् पायी सुटा!”