कार्डात नसलेली लेक

बीडच्या दवाखान्यात, मोफत उपचारांच्या योजनेच्या खिडकीसमोर दीपमाला आजीचं रेशन कार्ड घेऊन रांगेत उभी होती. तिच्या पुढं एक बाप आणि त्याची विहीण दबक्या आवाजात भांडत होते. त्याची लेक मनिषा शेजारच्या बाकड्यावर धापा टाकत बसली होती.

"विहीणबाई, वर्ष झालं लग्नाला. सुनेचं नाव अजून कावून न्हाई घातलं कार्डात?"

"दसरा झाला की आमी कारखान्यावर गेलतो, भाऊ. आलो ते पाडव्याला. फडात ऊस तोडावा का तहसीलला बसावं? पण तुमचीच लई घाई! अंगावरची हळद निघायच्या आत तिचं नाव कमी करून आलात."

"लेक आता तुमची झाली, म्हणून केलं. वर तिथल्या साहेबाला पेढे दिले."

"द्या आता आणखी!"

"खिडकीतला म्हणतो, कुठल्याच कार्डात नाव न्हाई, तर योजना न्हाई. सगळा खर्च आपला."

"मग आजच घालू की नाव."

"दोन महिने लागत्यात. डॉक्टर म्हणले, काळजातली झडप आठ दिवसांत बदला."

"गळ्यातलं डोरलं मोडते मी."

"एका डोरल्यात झडप येती का, विहीणबाई?"

मग बाकड्यावरून मनिषानं बापाला हाक मारली.

"दादा, मला परत तुमच्याच कार्डात घ्या की. बरी झाले की पुन्हा कमी करा."